टिकलीचे दात आणि रुख्माआजीचे पाय

टिकली हे कुत्रीचं पिल्लू घरात आलं तेव्हा जेमतेम एका चपलेएवढं होतं, आणि आल्या आल्या टिकलीने चप्पलच धरली. दहा वर्षांच्या खुशीला भारी मौज वाटली. पण महिन्याभरात चपला संपल्या आणि माणसं सुरू झाली.

खुशीची आई मंजू घरीच ब्लाउज शिवायची. माप द्यायला आलेली बाई हात वर करून उभी राहिली की टिकली खालून तिच्या घोट्याला दात लावायची. दात सुईसारखे. बाई किंचाळायची, नाचायची. मापाची पट्टी एकीकडे, मंजू दुसरीकडे. टिकलीला इंजेक्शन दिलेलं होतं, म्हणून आजवर निभावलं.

पण सोमवारी गावाकडून, लामत्याहून, फोन आला. बाबांची आत्या, रुख्माआजी, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रविवारी येणार होती आणि महिनाभर राहणार होती. आजीला साखरेचा आजार. मागच्या वर्षी तिच्या पायात साधा काटा गेला, तर ती जखम भरायला चार महिने लागले.

मंजूने फोन ठेवला. "खुशी, आयक. रविवारपर्यंत हिचं चावणं सुटलं त ठीक. नाही त राहुलमामा हिले आपल्या घरी किरनापूरले घेऊन जाईल."

"आई, ती खेळते न!"

"जखमेले काय माईत व, दात खेळता खेळता लागला का रागानं?"

खुशी मागच्या अंगणात जाऊन जोरात रडली.

कुंपणापलीकडे अंजनाआजी तांदूळ निवडत होती. तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई. रडणाऱ्या पोराला लगेच गप्प करायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने आधी सूपभर तांदूळ संपवला.

"झालं रडून? मंग हात दाखव. बाप्पा, काय चाळणी करून ठेवली! चावली का तू काय करते?"

"ओरडते. हात खेचते."

"अन् ते?"

"और जोरात धरते."

"धरणारच न व. एवढासा दात लावला का एवढं मोठं माणूस नाचते. तिच्यासाठी त जत्राच झाली." अंजनाआजीने सूप बाजूला ठेवलं. "माझ्या अंगणवाडीत एक पोट्टा होता. साऱ्या पोरायले चावे. पोरं किंचाळत पळत, अन् हा खूश. मंग मी पोरायलेच शिकवलं. चावला का खेळ बंद. पाठ फिरवून चूप उभं राहाचं. पंधरा दिवसांत सुटलं त्याचं."

"आता नाही चावत तो?"

"आता तो बँकेत बसते. लोकच त्याले चावतात."

खुशीला हसू आलं, आणि शिकवणी सुरू झाली. हात मागे खेचायचा नाही, कारण पळणारा हात टिकलीला उंदरासारखा वाटतो. दात लागला की एकदाच "आ!" म्हणायचं, हात ढिला सोडायचा, उठून पाठ फिरवायची आणि दहा मोजायचे. खुशी शाळेतल्यासारखं हिंदीत मोजायची, 'एक, दो, तीन'. दहा झाले की पुन्हा खेळ. नुसतं चाटलं तर पोळीचा तुकडा. आणि दात शिवशिवतातच, तर मंजूच्या कातरणाच्या चिंध्यांची वेणी घालून ती चावायला द्यायची.

मंगळवारी खुशीने चाळीस वेळा पाठ फिरवली. बुधवारी मंजू म्हणाली, "हे काय नाटक व?" आणि पाच मिनिटांनी स्वतःच्याच अंगठ्याला दात लागला, तेव्हा मशीन थांबवून भिंतीकडे तोंड करून बसली. गुरुवारी टिकलीने खुशीचा हात तोंडात घेतला, थबकली, आणि आपणहून सोडून दिला. खुशीने तिला अख्खी पोळी देऊन टाकली.

हात सुटले, पण पाय काही सुटेनात. ओले पाय दिसले की टिकली सगळं विसरायची. असं का, ते शुक्रवारी संध्याकाळी कळलं. बाबा, म्हणजे राजू, राईस मिलमधून आले आणि न्हाणीच्या दगडावर पाय धुवायला बसले. खुशी दाराआडून बघते तर बाबा पायाची बोटं नाचवत होते. "धर! धर ना! अरे वा रे शेरणी!" टिकली अंगठ्याला लटकलेली, आणि बाबा खुदखुदत होते.

"बाबा!"

बाबा चोरी पकडल्यासारखे दचकले.

"मी पाच दिवस शिकवून राह्यली, अन् तुमी रोज शाम को उलटं शिकवता?"

"अवो, जरासं..."

"ती जाईल न मग! किरनापूरले!"

बाबांचा चेहरा पडला. "दिवसभर मिलमधी भुश्यात असतो व. घरी आलो का ही एकटीच मले पाहून नाचते."

खुशी त्यांच्याशेजारी दगडावर बसली. "मी पण नाचेन. पण पाय नाही द्यायचा. हे घ्या." तिने चिंध्यांची वेणी त्यांच्या हातात दिली. त्या संध्याकाळी बाबांनी अकरा वेळा पाठ फिरवली, आणि प्रत्येक वेळी दहाऐवजी पाचच मोजले, म्हणून खुशीने पुन्हा मोजायला लावले.

रविवारी राहुलमामा आधीच टोपली घेऊन हजर झाला. मंजूने टिकलीला आत खाटेला बांधून ठेवलं होतं. रुख्माआजी रिक्षातून उतरली, ओट्यावर बसली. गावाकडची रीत म्हणून मंजूने तिच्या पायांवर गडवाभर पाणी घातलं. नेमकं तेव्हाच मामाला वाटलं, पिल्लू आताच टोपलीत घातलेलं बरं. त्याने दोरी सोडली आणि टिकली त्याच्या हातातून निसटून थेट ओट्यावर आली.

ओले पाय! तिने झेप घेतली. आजीच्या लुगड्याचा काठ दातात आला.

मंजू धावणार, तेवढ्यात खुशी ओरडली, "आई, पळू नको! आजी, पाय हलवू नको! आ!"

आणि तिने पाठ फिरवली. बाबांनीही फिरवली. पाय खेचला की टिकली पायच धरेल, हे मंजूला आठवड्याभरात समजलं होतं. तिनेही जीव मुठीत धरून भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मी येवढ्या दुरून आली," रुख्माआजी ताठ बसून म्हणाली, "अन् सारं घर मले पाठ दाखवून राह्यलं?"

टिकलीने एका पाठीकडे पाहिलं, दुसरीकडे, तिसरीकडे. काठ सोडला. खाली बसली.

आठ, नौ, दस. मंजू वळली, गुडघ्यावर बसली आणि आजीचे दोन्ही पाय हातात घेऊन बोटांच्या फटींतूनसुद्धा पाहिलं. कुठे साधा ओरखडा नव्हता. खुशी श्वास रोखून आईच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"राहुल," मंजू अखेर म्हणाली, "टोपली रिकामीच ने. आत्याबाईचे पाय उघडे असतील तवा ही बांधून राहील. अन् ही दोरी कोणी विचारल्याशिवाय सोडाची नाही, समजलं?"

"हौ," मामा म्हणाला.

खुशीने टिकलीला इतकं घट्ट धरलं की टिकलीनेच "कुंई" केलं.

"पर मले कोनी सांगल का नाही?" रुख्माआजीचा राग तसाच होता. खुशीने शेजारी बसून सगळं सांगितलं. आजीने विचार केला. "हे येवढंसं होतं का? माईत असतं त राजूवर करून पाहिलं असतं. हा लहानपणी लय चावे. आमच्या गुरुजीले त..."

बाबांनी लगबगीने पाण्याची बादली उचलली आणि ते मागच्या अंगणात गेले.