सराईच्या खिडक्या

राजेसाहेबांच्या समुद्राकाठच्या बंगल्यात मी दरवर्षी खिडक्यांची मापं घेतो आणि दरवर्षी हात हलवत परत येतो. चौकटी फुगल्यात, फटीत बोट जातं, आणि वारा आमंत्रण दिल्यासारखा आत येतो. त्या वाऱ्याने राणीसाहेबांना खोकला धरलाय. डॉक्टर म्हणाले, अजून एक हिवाळा असा काढलात तर छातीचं काही खरं नाही.

राजेसाहेबांचं मात्र एकच पालुपद. "आम्ही पुढच्या महिन्यात आमच्या देशात परत जातोय. सराईला कुणी खिडक्या बसवतं का?" हा पुढचा महिना बावीस वर्षं चाललाय. राज्य गेलं, तोरा गेला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा. दिवाणखान्यात सात पेट्या कुलूप लावून तयार. राणीसाहेबांची लोकरी शाल तिसऱ्या पेटीत, आणि त्या चादर गुंडाळून खोकत बसतात. बांधलेलं सामान सोडायचं नाही, असा हुकूम आहे. मला या माणसाचा राग येतो, खोटं कशाला बोलू?

परवा मी खिडकीला टेप लावून उभा होतो, तेवढ्यात पोस्टमन राजेसाहेबांच्या देशातून आलेलं सरकारी पाकीट देऊन गेला. राणीसाहेबांनीच मोठ्याने वाचलं. राजेसाहेबांवरची देशबंदी उठली होती. कधीही या. राजवाड्यात आता सरकारी दवाखाना आहे, तेव्हा राहायची सोय आपली आपण बघावी. ओळखपत्रासाठी सकाळी दहाला रांगेत उभं राहावं, सोबत दोन फोटो आणावेत.

"झालं ना मनासारखं?" राणीसाहेब म्हणाल्या. "कधी निघायचं?"

राजेसाहेब पेट्यांकडे बघत राहिले. "रांगेत?"

"हो."

"आमच्या पुढे किती जण असतील?"

"ते नाही लिहिलेलं."

त्यांनी पत्राची घडी घातली, मग आणखी एक घातली, आणि माझ्यासमोरच्या फटीत ती अंगठ्याने दाबून बसवली. वारा तेवढ्यापुरता थांबला.

"मिस्त्री, खिडक्यांना किती दिवस लागतील?"

"आठवडा."

"लाकूड चांगलं वापरा. टिकायला हवं."

राणीसाहेबांनी हात पुढे केला. राजेसाहेबांनी तिसऱ्या पेटीची किल्ली दिली.

शालीला कसर लागली होती. पाठीवर तळहाताएवढं भोक. राणीसाहेबांनी ती तशीच पांघरली.

"बावीस वर्षं जपून ठेवलीत हो," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा खोकायला लागल्या.

राजेसाहेब त्यांच्या मागे गेले आणि त्या भोकावर हात ठेवून उभे राहिले. मी दुसऱ्या खिडकीचं माप घ्यायला वळलो.