मानाची साडी कितीला?

मुलुंडच्या त्या तीन मजली दुकानात साडीवर किंमत लिहीत नाहीत, नुसत्या काळ्या रेघा छापतात. किंमत हवी तर साडी खांबावरच्या मशीनसमोर धरायची. शेवंती याच मशीनच्या भरवशावर आली होती. सोबत इरावतीबाई होत्या, तिच्या मुलीच्या, रुचिराच्या, होणाऱ्या सासूबाई. त्यांना मानाची साडी घेऊन द्यायची होती, आणि मानाच्या साडीची किंमत विहिणीच्या देखत विचारायची नसते.

इरावतीबाईंनी हिरवी साडी निवडली. "रंग जरा उजेडात बघते हं," म्हणत शेवंती ती घेऊन खांबाकडे सटकली. मशीनवर कागद चिकटवलेला: बंद आहे, कर्मचाऱ्यांना विचारा.

लग्नाचा खर्च आधीच हाताबाहेर गेला होता. तेवढ्यात मागून विक्रेता ओरडला, "काकी, किंमत पाहिजे? केतन, ही हिरवी कितीला रे?"

केतनने पलीकडच्या टोकावरून त्याच्या दुप्पट आवाजात आकडा सांगितला. दुप्पट होता तोही, शेवंतीच्या अंदाजाच्या. बायकांच्या माना वळल्या. इरावतीबाईंचीही. शेवंतीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मशीन कधी दुरुस्त करणार?" तिने मॅनेजरला विचारलं.

"बिघडलंय कुठे, मॅडम?" तो हसला. "चालू ठेवलं की लोक किंमत बघून साडी ठेवून देतात. चारचौघांत विचारलं की घेतातच."

शेवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेल्यांनो, आमच्या लाजेवर धंदा करता?"

इरावतीबाई पुढे आल्या. "विहीणबाई, मघाशी मीही गुपचूप त्या मशीनपाशी जाऊन आले. ते बंद दिसलं, मग तुम्हाला जड जाऊ नये म्हणून साधी दिसली ती उचलली." मग त्या विक्रेत्याकडे वळल्या. "ही पिवळी कितीला? आणि ती जांभळी? जोरात सांग. सगळ्यांना ऐकू दे."

नवऱ्या मुलाची आई, भर दुकानात, स्वतःच्या मानाच्या साडीची किंमत विचारत होती. तेही शेवंतीची लाज राखायला. शेवंतीचे डोळे भरून आले, आणि संताप दुप्पट झाला. तिने हिरवी साडी मॅनेजरसमोर आपटली आणि इरावतीबाईंचा हात धरला.

"चला विहीणबाई. ज्यांनी तुम्हाला हे विचारायला लावलं, त्यांची साडी मी तुम्हाला नेसवणार नाही."