मागच्या बाजूची देवी

फिलेरोस रोमच्या टांकसाळीत नाण्यांचे साचे कोरायचा. एका बाजूला सम्राटाचं तोंड, दुसऱ्या बाजूला कुठली तरी देवी, वर्षानुवर्षं हेच. सम्राटाच्या नाकात केसाएवढी चूक खपत नसे. देवीकडे मात्र कुणी ढुंकून बघत नसे. म्हणूनच तापाने त्याची तेर्तुला गेली, तेव्हा आरोग्यदेवीच्या साच्यात त्याने लेकीचाच चेहरा कोरला. देवीने पोरीला वाचवलं नाही, निदान आपली जागा तरी द्यावी, असं त्याला रागाने वाटलं होतं. पकडला गेला असता तर जिवावरच बेतलं असतं, त्यामुळे बायकोजवळही त्याने ब्र काढला नाही. वेत्तियाला कळलेली गोष्ट पाणवठ्यावर पोचायला कितीसा वेळ लागणार!

पुढे सम्राटाचा खून झाला आणि त्याचं नाव घ्यायलाही बंदी आली. पुतळ्यांची डोकी उडवली, साचे फोडले, काशाची नाणी गोळा करून भट्टीत टाकली. लेकीचं तोंड फिलेरोसला स्वतःच्या हाताने वितळवावं लागलं. एकच नाणं त्याने घरच्या देवांच्या कोनाड्यात, मूर्तींमागे दडवलं. तेर्तुलाचं दुसरं चित्र जगात कुठे नव्हतं.

एका संध्याकाळी तो घरी आला तर वेत्तिया घामाघूम होऊन उंबऱ्यात बसलेली. दुपारी शेजारच्या कुंभाराकडे शिपायांना त्या सम्राटाचं जुनं नाणं मिळालं आणि त्यांनी त्याला फरफटत नेलं, असं तिने सांगितलं. तिने धावत जाऊन आपलं घर धुंडाळलं, तर कोनाड्यात हे नाणं. देवांजवळचं म्हणून टाकवेना. मग उंबऱ्याच्या दगडावर ठेवून तिने नवऱ्याचीच हातोडी चालवली होती.

"बघ, मेल्याचं थोबाड पार चेचलं," ती म्हणाली. "नाक नाही, डोळा नाही. आता खुशाल येऊ देत शिपाई. तू तर आपल्या दोघांना मारायलाच निघाला होतास."

फिलेरोसने नाणं उलटं केलं. दगडावर आपटून मागची बाजूही सपाट झाली होती. कडेला आरोग्यदेवीच्या हातातल्या सापाची शेपटी तेवढी उरली होती. ओरडावं, हातोडी भिरकावून द्यावी, असं त्याला वाटलं.

त्याने वेत्तियाकडे पाहिलं. पोर गेल्यापासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर कुणाला तरी वाचवल्याचं समाधान होतं.

"मागे कोण होतं रे?" तिने विचारलं.

"देवी होती."

"कुठली?"

"आता आठवत नाही," फिलेरोस म्हणाला.