ओलं गोणपाट

भेग केसाएवढीच होती. बॅटरीच्या प्लेटच्या वरच्या कोपऱ्यातून निघून ती दोन चौकटी सरळ खाली आली होती, तिसरीत जराशी डावीकडे वळली होती आणि शिशाची तार जिथून आडवी जाते तिथे थांबली होती… पुढे जावं की नाही, असं काहीतरी मनात असल्यासारखी. उर्वशीनं प्लेट उन्हात तिरपी धरली. राखाडी लगद्याचा एक पापुद्रा सुटला आणि अलगद तिच्या हातमोज्यावर येऊन बसला.

गच्चीवरच्या बाजेवर जुनं लुगडं अंथरलं होतं. अर्ध्या लुगड्यावर कुरडया, अर्ध्यावर तिच्या प्लेटा. दोन्ही सारख्याच अंतरानं, सारख्याच निगुतीनं मांडलेल्या.

"वल्ल्याच होत्या वं सगळ्या," मथुराबाई, तिची सासू, बाजेच्या पायथ्याशी बसून म्हणाली. "कवाच्या त्या कूलरपुढं, गोणपाटाखाली. मले वाटलं, बुरशी चढते आता. म्हणून आणल्या उन्हात. पाह्य, कशा कडक झाल्या."

"ओल्याच ठेवायच्या असतात, आई."

"वल्लं ठेवून कोणती गोष्ट टिकते?"

जाळीवर थापलेला शिशाच्या भुकटीचा लगदा ओल धरूनच, आतल्या आत, आपल्या चालीनं घट्ट व्हावा लागतो. घाईनं सुकला की भेगाळतो आणि बॅटरीत गेल्यावर चिखलासारखा गळून पडतो. उमरखेडच्या एप्रिलात ओल धरणार कोण? कॉलेजच्या प्रयोगशाळेत, जिथे ती रसायनशास्त्र शिकवायची, उन्हाळाभर नळाला पाणी नसे. म्हणून नवऱ्याच्या, राजदीपच्या, बॅटरीच्या दुकानामागची खोली तिनं मागून घेतली होती. तिथला गवताच्या ताट्यांचा जुना कूलर, आणि त्याच्यापुढे भिजवलेलं गोणपाट. त्यानं हसून किल्ली दिली होती. दारावर मात्र कुलूप कधी लागलंच नाही.

या खेपेला लगद्यात पऱ्हाटीचा कोळसा अगदी हवा तसा मिसळला होता. कापूस निघून गेल्यावर शेतात उभी राहते ती पऱ्हाटी… हवा लागू न देता भाजली, की तिच्या आतल्या बारीक वाटा कोळशातही शाबूत राहतात. ज्या वाटांनी कधीकाळी पाणी बोंडापर्यंत चढलं, त्याच वाटांनी आता वीज चालावी. भर दुपारी कूलरपुढे चटईवर पडलं, की तिला डोळे मिटून त्या वाटांत उतरता येई. काळ्या, थंड, गवताच्या वासाच्या गल्ल्या; भिंतींना पांढरे बारीक स्फटिक धरताहेत, विरघळताहेत, पुन्हा धरताहेत. ती चालत राही. मागून कुणी हाक मारत नसे. कुणाचा हात धरायचा राहिलाय, असं एकदाही वाटत नसे… आणि जाग आली की पहिल्यांदा याचीच भीती वाटे.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात राजदीपनं तिच्यासमोर एक मेलेली बॅटरी फोडली होती. आतल्या प्लेटांवर पांढरा, खडबडीत थर. बिघडली कशानं, तिनं विचारलं, तर तो म्हणाला, "बिघडली नाही. अर्धी भरून ठेवून देली कोणी कोपऱ्यात." तेव्हाच ती या कामात शिरली. नुसतं ठेवून दिल्यानं बारीक स्फटिक जाड होत जातात, आणि कुठल्याशा एका दिवसानंतर ते परत फिरत नाहीत. तो दिवस नेमका कोणता, हे बाहेरून कधीच कळत नाही.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पुन्हा पुन्हा पाहिला होता. शिसं आहे. मूल हवं असेल, तर हे काम सोडा. शिसं उतरू द्या, मग पाहू. घरी येऊन उर्वशीनं त्यातला एकच शब्द सांगितला होता: थांबायचंय. राजदीपनं पुढे विचारलं नाही. मथुराबाई थांबली. दर उन्हाळ्यात कुरडयांचा गहू भिजवताना म्हणायची, "पुढच्या साली खाणारं एक तोंड वाढन, नाही तं मी काय जन्मभर तुमच्या दोघाईसाठीच पिळत राहू?" म्हणायची आणि आपणच हसायची. उर्वशीही हसायची. बॅटरीचा हा सेल तयार झाला की… मनात ती म्हणायची. आणि एक सेल झाला की दुसरा असायचाच.

"या कुरडया टाकून द्याव्या लागतील, आई."

"काहून?"

"शिसं लागलंय."

"तू तं रोज हात लावतं."

खालून, दुकानातून, राजदीपचा आवाज आला, "आई, खाऊन पाह्य एखादी. पोट चार्ज होईन."

"तुह्या बापाले घाल," मथुराबाई खाली वाकून म्हणाली; पण तिनं प्लेटा उचलून बाजूला ठेवल्या, लुगड्याची चारी टोकं उचलली आणि कुरडयांचं गाठोडं बांधलं. तिची बोटं राखाडी झाली होती.

उर्वशीनं तिला मोरीच्या दगडावर बसवलं. साबण घेतला. एकेक बोट, मग नखाखालचं, मग अंगठीच्या कडेचं. राखाडी पाणी दगडावरून वाहत गेलं. प्लेटा पुन्हा कराव्या लागणार. पुन्हा लगदा, पुन्हा गोणपाट, पुन्हा एक उन्हाळा… आणि त्या 'पुन्हा'बरोबर छातीत काहीतरी सैल झालं. हे सैल होणं तिच्या ओळखीचं होतं. दर वेळी ते यायचं आणि दर वेळी ती दुसरीकडे बघायची. आज पाहिलं, मघाच्या भेगेसारखंच, तिरपं धरून. नांदेडला एक्स-रेच्या खोलीत खुंटीवर टांगलेला तो जड झगा… आत शिसं असतं, किरण पलीकडे जात नाहीत. मी तोच अंगावर घालून फिरत होते. शिसं उतरलं असतं, तरी मी दुसरं काहीतरी पांघरलं असतं. मग त्या काळ्या गल्ल्यांत मला कुणाची आठवण आली नाही, यात भिण्यासारखं काय होतं?

"झालं का वं?" मथुराबाईनं विचारलं. "किती घासशीन? कातडं निघन."

हात सोडायला हवे होते. सोडले नाहीत. ओली, सुरकुतलेली, साबणाची बोटं तिच्या तळव्यांत तशीच होती. घरातल्या बोलीत हे वाक्य तिनं कधी मनातही म्हणून पाहिलं नव्हतं. आता ते त्याच बोलीत आलं.

"आई, मले मूल नको. शिश्यापायी नाही. मलेच नको."