जावयाचा मान

स्कॉटलंडात स्कीइंगसाठी कोरा बर्फ शोधावा तर मीच, अशी माझी ख्याती होती, आणि ती बहुतेक मीच पसरवली होती. आल्प्समध्ये काय, कोणीही जावं आणि घसरावं. इथल्या केर्नगॉर्म्सच्या डोंगरांत बर्फ हुडकावा लागतो. दोन दिवस पश्चिमेचा वारा सुटला, की तो माथ्यावरचा सगळा बर्फ खरवडून पलीकडे पूर्वेच्या घळींमध्ये नेऊन टाकतो. इकडे लिफ्टपाशी गर्दी दगडगोट्यांवरून घसरत असते, आणि तिकडे मांडीएवढा बर्फ, त्यावर एक रेघ नाही. बेसिंगस्टोकच्या हॉस्पिटलात अठ्ठावीस वर्षं लोकांना भूल दिली, पण अभिमान कशाचा म्हणाल तर या घळींचा.

वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ खालच्या थराला धरून नसतो, हेही मला माहीत होतं. त्या दिवशीच्या अंदाजात पूर्वेकडच्या उतारांवर ॲव्हलांचचा, म्हणजे बर्फाचा थर सुटून कोसळण्याचा, धोका लिहिलेला होता. मी तो वाचला होता. ‘हे लोक जरा जास्तच घाबरवतात,’ असं नाश्त्याला म्हणालोसुद्धा.

बरोबर कुशल होता, माझा जावई. लंडनला एजवेअरमध्ये वाढलेला, केंब्रिजला लॅबमध्ये काम करणारा, शांत मुलगा. माझी बायको गेल्यापासून मी घरात नुसता धुमसत बसायचो, म्हणून वरदाने, माझ्या मुलीने, त्याला माझ्याबरोबर धाडला होता. बाबांना सोबत होईल म्हणून.

घळीच्या तोंडाशी पोचलो. कोऱ्या उतारावर पहिली रेघ ओढायची ती ज्याने जागा शोधली त्याने, असा आमच्या स्कीवाल्यांचा रिवाज. मी मुद्दाम बाजूला झालो. म्हटलं, “चला जावईबापू, पहिला मान तुमचा.”

“नको बाबा, तुम्ही आधी.”

“अरे, दिवाळसणाला तुला ना अंगठी दिली ना घड्याळ. हे घे. आणि सासऱ्याला नाही म्हणतात का?”

त्याने एकदा खाली बघितलं. मग हसला आणि निघाला. तिसऱ्या वळणावर उतार त्याच्या पायाखालून तुटला. मी खाली उतरून त्याला शोधला, एकटा उकरत राहिलो, आणि त्याचं तोंड मोकळं केलं तोवर चाळीस मिनिटं झाली होती. चाळीस मिनिटांचा अर्थ मला कोणी समजावायला नको होता.

पोलिसांनी विचारलं, पुढे कोण गेलं? मी म्हटलं, तो गेला, त्यालाच घाई झाली होती. का म्हटलं, देव जाणे. पण तोंडातून निघून गेलं ते गेलं. ते अंत्यसंस्काराला पोचलं, एजवेअरच्या मराठी मंडळात पोचलं. ‘मुलगा गुणी, पण जरा अतिच धाडसी,’ असं लोक बोलायला लागले आणि मी खाली मान घालून ऐकत राहिलो. लाज वाटायची, नाही असं नाही. पण भीती त्याहून मोठी होती. मला आता वरदाशिवाय कोणी नाही. तिला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही, एवढंच डोक्यात असायचं.

गेल्या रविवारी वर्ष झालं. वरदा माझ्याकडे आली होती. सकाळीच कुशलच्या आईचा, मधुमतीबाईंचा फोन येऊन गेला. “माझंच चुकलं हो, पद्माकरराव,” त्या म्हणाल्या. “लहानपणी त्याला कधी धाक लावला नाही मी. म्हणून तुमचंही ऐकलं नाही ना त्याने?”

आणि मी, नालायक माणूस, म्हणालो, “नका मनाला लावून घेऊ.”

दुपारी वरदाने वरणभात वाढला. शेवटी ताट सरकवलं आणि सगळं सांगून टाकलं. मान कसा दिला, तो नको कसा म्हणाला, पोलिसांना मी काय सांगितलं, सगळं.

ती रडली नाही. तिने फोनमध्ये काहीतरी शोधलं आणि माझ्यापुढे धरला. कुशलचा मेसेज होता, त्याच दिवसाचा, आम्ही घळीपाशी पोचायच्या जरा आधीचा. ‘आज स्नो बरोबर नाही वाटत. बाबांना नो कसं म्हणू? इतके हॅपी आहेत.’

“वर्षभर तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही कधी बोलता ते बघत होते. तो घाबरला होता, बाबा. आणि तुम्ही त्याला जगापुढे उतावळा करून ठेवलंत. मला रोज तुमचा राग येतो. आणि रोज मीच फोन करते, जेवलात का विचारायला. मला कळत नाही मी तुमचं काय करू.”

मी माफी मागायला लागलो. तिने हात वर करून मला थांबवलं.

“माझं नंतर बघू. आधी त्याच्या आईला सांगा.”

तिनेच नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. दोन रिंगांत मधुमतीबाईंनी उचलला. मी आपणहून फोन केला याचं त्यांना बरं वाटलेलं आवाजातच कळत होतं. आज काही गोडाचं केलंत का, त्याला खीर आवडायची, असं त्या बोलत होत्या.

“विहीणबाई,” मी मध्येच म्हटलं, “त्याला काही घाई नव्हती. मीच त्याला पुढे पाठवला. त्याने माझं ऐकलं.”

वरदा टेबलाची कड घट्ट धरून बसली होती.

“म्हणजे त्याला जायचं नव्हतं का हो?” मधुमतीबाईंनी विचारलं.

“नव्हतं,” मी म्हणालो.