आवाज न करणारं पिस्तूल

लायलच्या बंदुकांच्या दुकानात येणारा माणूस एकच प्रश्न विचारायचा: याने अस्वल पडेल का? एकतीस वर्षांत दुसरा प्रश्न कोणी केला नव्हता. त्यामुळे बुधवारी सकाळी फेडोसिया मावशीने काउंटरवर कोपर टेकून, "मला एक लहानसं पिस्तूल दे, कमीत कमी आवाज करणारं," असं म्हटलं, तेव्हा लायलला वाटलं आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. खरं म्हणजे कमी ऐकू यायचं ते मावशीला.

"आवाज?" त्याने विचारलं.

"आवाज. आणि ओरडू नकोस, डावा कान शाबूत आहे माझा."

अलास्कातल्या कोडियाक बेटावर अस्वलांची काही कमतरता नाही. उभं राहिलं तर लायलच्या दुकानाच्या पाटीला नाक लागेल एवढं एकेक धूड. इथली माणसं पिस्तूल घेताना नळीचा घेर बघतात, गोळीचं वजन बघतात, काही शहाणे चामडी म्यानाचा रंगही बघतात. आवाजाची चौकशी करणारं गिऱ्हाईक म्हणजे आग विझवायला आलेल्या बंबाला 'जरा हळू या' म्हणण्यातला प्रकार.

"घरी मक्सिमकाकांची रायफल आहे ना?" लायल म्हणाला. मक्सिमकाका म्हणजे मावशीचे यजमान. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"आहे की. गेल्या गुरुवारी नेली होती, अजून खांदा वर होत नाही. ती उचलायला दुसरा मक्सिम लागेल मला. आणि ती झाडली की खाडीच्या पलीकडची माणसंसुद्धा दार उघडून बघतात."

लायलने काचेखालून एक आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर काढलं, रिकामं असल्याची खात्री केली आणि तिच्यापुढे ठेवलं. "मावशी, एक गोष्ट आधीच सांगतो. नळी जितकी आखूड, तितका दणका मोठा."

"हे कोणी ठरवलं?"

"कोणी ठरवलं नाही. तसंच असतं ते."

मावशीने रिव्हॉल्व्हरकडे असं पाहिलं, जणू त्यानेच हा वाह्यातपणा चालवला होता.

"बरं, जायचंय कुठे?" लायलने विचारलं, आणि विचारताक्षणी जीभ चावली. या बेटावर माणसाचं वय विचारावं, वजन विचारावं, घटस्फोट का झाला तेही विचारावं. बेरी कुठून आणता हे मात्र विचारू नये. सॅमनबेरीची, म्हणजे त्या केशरी रानफळांची, ज्याची त्याची जागा असते. ती बायकोला सांगत नाहीत, पाद्रीबुवांना तर नाहीच. आणि जुलैचा महिना चालू असताना सत्त्याहत्तर वर्षांची बाई रानात दुसऱ्या कशासाठी जाणार?

मावशीने हनुवटी उडवली. "तिकडे."

"तिकडे समुद्र आहे, मावशी."

"त्याच्या जरा अलीकडे."

लायलने पुढे विचारलं नाही. त्याला हे सगळं आतून ठाऊक होतं. एरवी रानातून जाताना माणसं 'ए अस्वला, आलो रे आलो' असं बोंबलत जातात, म्हणजे अस्वल बाजूला होतं. बेरीवाले मात्र चोरासारखे जातात, कारण अस्वलापेक्षा शेजाऱ्याने ऐकण्याचं भय जास्त. लायल स्वतः तसाच जायचा. जुन्या मासळी कारखान्यामागच्या ओढ्यावर, ऑल्डरच्या दाट झाडीआड त्याची जागा होती. सहा वर्षांपूर्वी त्याची बायको डोरीन वारली, आणि तिच्या हातच्या जॅमची शेवटची बाटली संपली त्या दिवशी तो मोठ्याने रडला होता. त्यानंतर त्याने तिच्या वहीवरून स्वतः जॅम करायला घेतला. तो जॅम पावाला लावला की अजून घरात दोघं आहेत असं त्याला वाटायचं. ती जागा सुटली असती तर ते वाटणंही सुटलं असतं.

"अस्वल दिसलंय का तिथे?" त्याने विचारलं.

"दोन गुरुवार झाले, येतंय मेलं. खालच्या अंगाला शिरतं. फांद्या ओरबाडून नुसता धुडगूस घालतं."

"किती लांबून पाहिलंत?"

"दिसतं कुठे नीट? झाडी आहे ना. पाठ दिसली. तपकिरी, खांद्यावर जरा झिजलेली. म्हातारं असणार. धापा टाकतं सारखं. आणि शिंकतं."

"अस्वलं शिंकतात, मावशी."

"लागोपाठ तीनदा?"

लायलचा हात काचेवरच थांबला. त्याच्या मागे खिळ्याला त्याचा कोट टांगलेला होता. तपकिरी, खांद्यावर झिजलेला. पुरवठ्याची बोट या वर्षी सोमवारी यायला लागल्यापासून त्याने दुकानाची सुट्टी सोमवारवरून गुरुवारवर नेली होती. आणि ऑल्डरखाली त्याला नेहमी तीन शिंका यायच्या. दोन नाहीत, चार नाहीत.

तो एक पाऊल डावीकडे सरकून कोटासमोर उभा राहिला.

आता बोलावं तर जागा गेली. मावशी त्या ओढ्यावर चाळीस वर्षं जात असणार. रिवाजाने जागा तिची आणि आपण उपरे. न बोलावं तर उद्या गुरुवार, आणि जे हत्यार ही बाई घेऊन येणार ते आपणच निवडून द्यायचं. स्वतःच्या मापाची शवपेटी स्वतःच विकायला बसलेला सुतार बहुधा या बेटावर तो पहिलाच होता.

"मावशी, मारायलाच पाहिजे का?" तो म्हणाला. "बिचारा भुकेला असेल."

"बिचारा?"

"बिचारं. म्हातारं आहे म्हणता. एकटं असेल. दम्याचा त्रास असेल."

"लायल, तू पिस्तूल विकतोस की अस्वलांची वकिली करतोस?"

त्याने गुपचूप खालच्या कप्प्यातून सगळ्यात बारीक पिस्तूल काढलं. डबे उडवायला बरं. "हे बघा. जवळजवळ आवाजच नाही. पर्समध्ये मावेल."

मावशीने ते तळहातावर तोललं. तिचा चेहरा उजळला. मग तिनेही तोच प्रश्न विचारला. "याने अस्वल पडेल का?"

'हो' म्हटलं की सुटका होती. फार तर आपल्या ढुंगणात एक बारीक गोळी, पंधरा दिवस पालथं झोपणं. पण त्या रानात खरी अस्वलंही होती, आणि त्यांच्यासमोर ही म्हातारी हे खेळणं घेऊन उभी राहिली असती.

"याने अस्वलाला राग येईल," तो म्हणाला, आणि पिस्तूल परत आत ठेवलं. मग जे द्यायला हवं होतं तेच त्याने दिलं: दहा गोळ्यांचं, आटोपशीर, छातीवर बांधायच्या चामडी म्यानासकट, म्हणजे बेरी तोडायला दोन्ही हात मोकळे. मावशीने ते दोन्ही हातांत धरून रबरी बुटांच्या फळीवर रोखलं. हात जराही हलला नाही. लायलला त्याचं फार वाईट वाटलं.

"कुठे मारायची?"

"छातीत. थोडी खाली." मग काहीतरी विचारायचं म्हणून त्याने विचारलं, "तुम्ही रानात काय घालून जाता, मावशी? रंग महत्त्वाचा असतो."

"मक्सिमचा कोट. तपकिरी. का रे?"

लायल काडतुसांच्या खोक्यावर मटकन बसला.

गेल्या गुरुवारी वरच्या अंगाला त्याला एक अस्वल दिसलं होतं. तीस पावलांवर, वाकलेलं, फांद्यांत डोकं घातलेलं. त्याने रिव्हॉल्व्हर काढून घोडा चढवला होता. बराच वेळ ती तपकिरी पाठ नळीच्या टोकावर होती.

"मावशी, ते अस्वल मी होतो."

"काय?" तिने डावा कान पुढे केला.

"ते अस्वल! मी होतो!"

मावशीने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या कोटाकडे. पिस्तूल हळूच काचेवर ठेवलं. "खालच्या फांद्या तू ओरबाडल्यास? अरे, पुढच्या वर्षीचे कोंब मोडतात त्याने! माणसासारख्या तोडता येत नाहीत?"

"मावशी, ऐका ना. वर एक अस्वल होतं. ते तुम्ही होता. मी घोडा चढवला होता," तो म्हणाला. "तुमच्यावर."

मावशी शेजारच्या खोक्यावर बसली.

"मी पण," ती म्हणाली. "रायफल फांदीच्या बेचक्यात टेकवली होती. तू शिंकलास तेव्हा बरोब्बर समोर होतास."

"मग झाडली का नाहीत?"

"आवाज झाला असता ना! सगळं गाव बेरी तोडायला बादल्या घेऊन वर आलं असतं." मग तिने विचारलं, "तू का नाही झाडलीस?"

लायलला काहीतरी बरं सांगायचं होतं. हात थरथरला, मनात दया आली, डोरीनची आठवण झाली, असं काहीतरी. त्यातलं काहीच झालेलं नव्हतं.

"आवाज झाला असता," तो म्हणाला.

मावशीने मान हलवली. तिला ते पटलेलं दिसलं. मग तिचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला तिने पिस्तुलाच्या विक्रीचा फॉर्म पुढे ओढून त्यावर नाव लिहायला घेतलं. खरी अस्वलं होतीच ना. फॉर्ममध्ये सतरा प्रश्न होते. बेरीबद्दल एकही नव्हता.

सही करून झाल्यावर ती म्हणाली, "ओढ्यावर ये, पण वरच्या अंगाला यायचं नाही. वरचं माझं. खालचं घे तू, डोरीनसाठी करतोस म्हणून. आणि येताना गात ये, म्हणजे मला कळेल कोण आहे ते."

लायलने मान डोलावली. मग त्याच्या लक्षात आलं.

"मावशी, गायलो तर गाव ऐकेल."

दोघांनीही आपला जीव आणि सॅमनबेरी, दोन्ही तोलून पाहिलं.

"मग हळू गा," मावशी म्हणाली.