दोन पंचवीसची सही

सकाळी साडेनऊला भूगर्भतज्ज्ञ चिखलाच्या बुटांनिशीच मंत्रीसाहेबांच्या दालनाबाहेर येऊन उभा राहिला. तीन रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. खाणीच्या डोंगरावरची भेग परवा बोटभर होती, आज तिच्यात अख्खा हात कोपरापर्यंत जात होता. डोंगराच्या पायथ्याशी खाणकामगारांची चारशे घरं होती.

"आजच्या आज वस्ती हलवा," तो बाईंना म्हणाला. "उद्यावर ढकलू नका."

बाई म्हणजे साहेबांच्या स्वीय सहायक. एकोणीस वर्षं साहेबांचा प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून गेला होता. त्यांनी पाच मिनिटांत आदेश टाईप करून घेतला आणि आत नेला. साहेबांनी तो नीट वाचला, कपाळाला आठ्या पडल्या, पण पेनाला हात लागला नाही.

"परवा साडेअकरानंतर. मला आठवा चंद्र आहे. गुरुजींनी बजावलंय, दोन दिवस कशावरही सही करायची नाही."

"साहेब, माणसांचा प्रश्न आहे."

"माणसांचाच विचार करतोय. वाईट वेळेला दिलेला हुकूम लोकांच्याच अंगावर येतो. दोन निवडणुका मी त्यांच्या शब्दावर जिंकलोय बाई, उगीच नाही."

बाई बाहेर आल्या. साहेब दुष्ट नव्हते, हीच खरी पंचाईत होती. शिपायाच्या आजारपणात स्वतः दवाखान्यात जाऊन बसणारा हा माणूस. बाईंनी सचिवांना गाठलं. त्यांनी हात वर केले. साहेबांच्या जवळच्या आरोग्यमंत्र्यांना फोन लावला. ते बैठकीत होते. मग त्या खुर्चीत बसून राहिल्या. गुरुजींकडे जावं हे त्यांच्या मनात दहालाच आलं होतं. पण साहेबांच्या पाठीमागून असं जायचं? कळलं तर? असं करता करता बारा वाजले. समोरच्या बाकावर भूगर्भतज्ज्ञ बसल्या बसल्या झोपला होता. त्याच्याकडे पाहून त्या ताडकन उठल्या.

शहराच्या दुसऱ्या टोकाला गुरुजींकडे पोचेपर्यंत पावणेदोन वाजले. गुरुजी म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतभर पुस्तकं आणि एक धाकटी बहीण, एवढाच संसार. पत्रिका पाहण्याचा कुणाकडून छदाम घेत नसत. म्हणून तर त्यांच्या शब्दाला वजन होतं.

बाईंनी सगळं सांगितलं आणि हात जोडले. "एवढंच म्हणा, की वेळ आजची आहे."

गुरुजींनी नकारार्थी मान हलवली. "चाळीस वर्षांत मी कुणाला खोटं सांगितलं नाही, बाई. जे दिसतं तेवढंच बोलतो."

"त्या चारशे घरांचं काय दिसतं तुम्हाला? त्यांच्या पत्रिका पाहिल्यात?"

"त्यांनी कधी विचारलंच नाही."

"मग ज्याने विचारलं त्याचाच चंद्र तेवढा मोजायचा?"

आतून बहीण दाराशी येऊन उभी राहिली होती. "दादा," ती हळूच म्हणाली, "फोन कर."

गुरुजींनी फोन लावला. आवाज जराही कापला नाही. "मी पुन्हा गणित केलं. आज दोन वीस ते दोन पन्नास. त्यात सही करा." फोन ठेवला आणि त्यांनी चष्मा काढून डोळ्यांवर हात धरले.

दोन पंचवीसला सही झाली. गाड्या जमवून वस्तीत पोचायला चार वाजले. म्हातारी माणसं उचलून आणली, पोरं खांद्यावर घेतली, वरच्या गल्ल्या भराभर रिकाम्या झाल्या. सव्वासहाला डोंगर खाली आला. शेवटची गल्ली तेवढी राहिली होती. नऊ माणसं गेली.

दुसऱ्या दिवशी वस्तीतून परतताना गाडीत साहेब रडले. मग डोळे पुसत म्हणाले, "पाहिलंत बाई? गुरुजींनी वेळ बदलून दिली म्हणून एवढे वाचले. आता प्रत्येक फाईल आधी त्यांच्याकडे."

बाईंनी मान खिडकीकडे वळवली.

गुरुजी मात्र बोलले. ते आपण होऊन साहेबांकडे आले आणि बाईंच्या देखत सांगून टाकलं, की ती वेळ मी मनाने सांगितली, गणितात काही नव्हतं. साहेब समजूतदारपणे हसले. "गुरुजी, तुमच्या तोंडून ते वदवून घेतलं, तेही ग्रहांनीच ना?"

गुरुजी उठून निघाले. त्यानंतर त्यांनी कुणाचीही पत्रिका उघडली नाही. महिनाभरात साहेबांनी दुसरा ज्योतिषी शोधला. त्याला दालनाशेजारचीच खोली दिली.

चौकशी समितीने फाईल मागवली तेव्हा बाईंनी ती पाठवण्याआधी शेवटच्या पानावर टिपणी लिहिली. 'आदेश सकाळी ९.४० ला सहीसाठी ठेवला. सही दुपारी २.२५ ला झाली. विलंबाचे कारण : शुभ वेळेची वाट पाहणे. यातले दहा ते बारा हे दोन तास मी काहीही न करता घालवले.' खाली नाव, हुद्दा, तारीख.

साहेबांनी आवाज चढवला नाही. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," एवढंच म्हणाले. आठ दिवसांत बाईंची बदली जुन्या कागदपत्रांच्या विभागात झाली.

तिथे एके दुपारी एक खाणकामगार आला. शेवटच्या गल्लीतला. त्याची बायको आणि आई त्या नऊ जणांत होत्या. त्याच्या हातात टिपणीची नक्कल होती.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"हे दोन तास तुमचे?"

"माझे."

बाईंनी खुर्ची पुढे केली, पण तो बसला नाही. "कोर्टात असंच सांगाल?" त्याने विचारलं.

"सांगेन."

त्याने मान हलवली आणि सुनावणीची तारीख सांगितली. बाईंनी ती लिहून घेतली.